बाळाचा मेंदू कितव्या महिन्यात तयार होतो?

तुम्ही विचारलंय की बायकोचा दुसरा महिना सरत आलाय, डॉक्टरांनी फॉलिक ॲसिडची गोळी लगेच सुरू करायला सांगितली, पण आई म्हणते मेंदू पाचव्या महिन्यात भरतो, एवढी घाई कशाला.

भाऊ, गोळी आजच सुरू करा. मी धुळ्यात नर्सिंगच्या मुलींना शरीररचना शिकवते. हा धडा मी दरवर्षी सर्वांत सावकाश शिकवते.

गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात बाळ म्हणजे दीड-दोन मिलिमीटरची चपटी चकती असते. तिच्या वरच्या थरातून पुढे कातडी होते आणि त्याच थराच्या मधल्या पट्ट्यातून मेंदू व मज्जारज्जू. हा पट्टा जाड होतो, मधोमध पन्हाळीसारखा खचतो, कडा वर उचलल्या जातात. केळीचा पोंगा उलगडून पान होतं ना, त्याच्या नेमकं उलट: इथे सपाट पान वळत वळत पोंगा होतो. साधारण 22व्या दिवशी कडा मानेच्या जागी पहिल्यांदा जुळतात आणि तिथून डोक्याकडे व कमरेकडे शिवण सरकत जाते. डोक्याकडचं तोंड 25व्या दिवसाच्या सुमारास मिटतं, खालचं 28व्या. ही मज्जानलिका. तिच्या वरच्या टोकाला तीन फुगे येतात, त्यांचा मेंदू होतो. बाकीच्या लांबीचा मज्जारज्जू. शिवणीच्या कडेवरून काही पेशी सुटून दूरवर जातात. त्यांतून संवेदना आणणाऱ्या नसांच्या गाठी बनतात आणि कातडीला रंग देणाऱ्या पेशीसुद्धा! मला हे अजूनही नवलाचं वाटतं.

आता हिशेब करा. पाळी चुकते ती गर्भ राहिल्यावर सुमारे 14 दिवसांनी. म्हणजे त्यानंतर दोनच आठवड्यांत नलिका मिटलेली असते. आपल्याकडे तोवर सासूच्याही कानावर गोष्ट गेलेली नसते. वरचं तोंड उघडं राहिलं तर कवटी आणि मेंदू घडत नाही, बाळ जगत नाही. खालचं राहिलं तर मणक्यात फट पडते, पायांत बळ राहत नाही, लघवीवर ताबा राहत नाही. 1991 साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा अभ्यास आला. आधीचं बाळ असं झालेल्या बायकांना गर्भ राहण्याआधीपासून रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. हा मोठा डोस फक्त त्यांच्यासाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बाकीच्यांना रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून.

तुमच्या घरी ती वेळ टळली असेल, पण धास्ती घेऊ नका. बहुतेक बाळांची नलिका गोळीशिवायही नीट मिटते. रक्त आणि वाढणाऱ्या पेशींसाठी गोळी पुढेही लागतेच. मात्र 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका, तीत पाठीचा कणा नीट बघतात.

आईंचंही अगदी खोटं नाही. मेंदूवरच्या वळ्या पाचव्या महिन्यानंतरच भरभर पडू लागतात आणि नसांवरचं आवरण तर जन्मानंतरही कित्येक वर्षं चढत राहतं. पण त्या सगळ्याचा पाया पहिल्या चार आठवड्यांतला.

मेथी, पोकळा, कळण्याची भाकरी जरूर द्या. त्यांत फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचं नैसर्गिक रूप, असतं, पण शिजवताना त्यातलं बरंच जातं. म्हणून भाजी आहे तर गोळी कशाला, असं करू नका.