कापसाचा तंतू, एक पेशी आणि मायक्रोनेअर

प्रश्न : पेशी सूक्ष्मदर्शीशिवाय दिसत नाही असे आम्ही शिकलो, मात्र कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी असते, असे आमच्या बाईंनी सांगितले. हे दोन्ही खरे कसे? माझे वडील सूतगिरणीत आहेत. गाठींच्या तपासणी अहवालात ‘मायक्रोनेअर 4.1’ असे असते. म्हणजे तंतूची जाडी 4.1 मायक्रॉन असते का?
– अकरावी विज्ञान शाखेतील विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : आपल्या बाईंचे म्हणणे अचूक आहे. सरकीच्या सालीवरील एकेक पेशी फूल उमलण्याच्या सुमारास बाहेर वाढू लागते आणि साधारण तीन आठवडे लांबत जाते. पुढे तिच्या भित्तिकेत आतून सेल्युलोजचे थर साचतात. बोंड फुटल्यावर पेशीद्रव वाळते, आतली पोकळी दबते आणि तंतू पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा होतो. या नैसर्गिक पिळामुळेच तंतू एकमेकांना धरून राहतात व सूत कातता येते. सोलापुरी चादरीच्या एका धाग्याच्या छेदात अशा शंभराहून अधिक पेशी असतात, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

पेशी दिसत नाही हे विधान बहुतेक पेशींबाबत खरे आहे, कारण सुमारे 0.1 मिलिमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू डोळ्याला वेगळे दिसत नाहीत आणि मानवी तांबडी रक्तपेशी तर जेमतेम 7 ते 8 मायक्रोमीटर रुंद असते. (एका मिलिमीटरचे 1000 मायक्रोमीटर होतात, ‘मायक्रॉन’ हे त्याच एककाचे जुने नाव.) कापसाचा तंतू 28 मिलिमीटर लांब आणि 18 मायक्रोमीटर रुंद धरला, तर लांबी रुंदीच्या दीड हजार पट भरते. काळ्या कापडावर ठेवलेला एकटा तंतू उजेडामुळे जाणवतो, पण त्याच्या दोन कडा वेगळ्या दिसत नाहीत. म्हणून पेशीचा आकार सांगताना लांबी की रुंदी, हेही सांगावे.

मायक्रोनेअर ही मात्र जाडी नव्हे. ठरावीक वजनाची रुई दाबून तिच्यातून हवा सोडतात. तंतू बारीक असतील तर त्यांचा एकूण पृष्ठभाग वाढतो, हवेला अडथळा अधिक होतो आणि आकडा कमी येतो. हा आकडा ढोबळमानाने एक इंच लांबीच्या तंतूचे मायक्रोग्रॅममधील वजन दाखवतो. ‘मायक्रो’ हा उपसर्ग दशलक्षांश भाग सांगतो, मग ते मीटरचे असो वा ग्रॅमचे. आपला गोंधळ तेथे झाला आहे.

प्रत्यक्ष रुंदी मापायची असल्यास 10 पटींच्या नेत्रभिंगाखाली 10 पटींचे वस्तुभिंग लावून पारदर्शक मोजपट्टी पाहावी. दृश्यवर्तुळ 1.8 मिलिमीटर भरले, तर 40 पटींच्या वस्तुभिंगाखाली ते चौथा हिस्सा, म्हणजे 450 मायक्रोमीटर होईल. त्यात 18 मायक्रोमीटरचे 25 तंतू शेजारी शेजारी मावतील. तंतू पाण्याच्या थेंबात ठेवून भित्तिकेची जाडीही पाहावी. कमी मायक्रोनेअरचा कापूस मुळात बारीक जातीचा आहे की अपक्व राहिला, हे हवेच्या एकट्या आकड्यावरून कळत नाही. अपक्व तंतू मात्र भिंगाखाली पातळ भित्तिकेचा, चपटा आणि कमी पिळाचा दिसतो.