मुंबईत तीन दिवस आणि चित्रं: आधी वार बघा

शुक्रवार ते रविवार मुंबईत आहात, मुक्काम दादरला, सोबत आठवीतली लेक आहे आणि ती दिवसभर चित्रं काढत असते. कोणती प्रदर्शनं चुकवू नयेत, आणि 'जहांगीर (म्हणजे काळा घोडा भागातली जहांगीर आर्ट गॅलरी) पाहिलं की झालं' हे कितपत खरं, असं तुम्ही विचारलंय.

अर्धंच खरं. आणि प्रदर्शनांची नावं विचारण्याआधी वार बघा. कोलाबा-फोर्टातल्या बहुतेक खाजगी गॅलऱ्या रविवारी बंद असतात, एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, सोमवारी बंद, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम बुधवारी. त्यामुळे तुमचा बेत आपोआपच ठरतो: शुक्रवार-शनिवार दक्षिण मुंबई, रविवारी सकाळी भायखळा. लोक नेमकं उलटं करतात. शनिवारी भायखळ्याची राणीची बाग उरकतात आणि रविवारी कोलाब्यात बंद दारं मोजत हिंडतात.

सुरुवात जहांगीरपासूनच करा, त्याबद्दल वाद नाही. १९५२ पासून ही जागा सगळ्यांसाठी उघडी आहे आणि प्रवेश फुकट. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. इथली प्रदर्शनं साधारण मंगळवारी लागतात आणि सोमवारी उतरतात, म्हणजे शुक्रवारी गेलात तर चित्रकाराचा उद्घाटनाचा हारतुरे-चहापाण्याचा गोंधळ संपलेला असतो आणि तो बिचारा खुर्चीवर बसून कुणीतरी काहीतरी विचारेल याची वाट पाहत असतो. विचारा! लेकीलाच विचारायला लावा. हा थर कसा चढवला, हा कागद कुठला, या निळ्यावर पिवळा आधी की नंतर. इथे हॉल मिळायला चित्रकारांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं, त्यामुळे आठवडाभर ते भिंतींपाशीच असतात आणि मनापासून बोलतात. चित्राच्या नावाच्या पट्टीशेजारी लाल ठिपका दिसला तर ते विकलं गेलंय. किमतीची यादी टेबलावर असते, मागितली की देतात, कुणी 'घेणार आहात का' म्हणून डोळे वटारत नाही.

आता कडू सत्य. जहांगीरमध्ये दर आठवड्याला चार-पाच प्रदर्शनं लागलेली असतात आणि सगळी बरी असतीलच असं नाही. गणपती, घोडे, बनारसचे घाट यांची रेलचेल असते. एखादा हॉल दोन मिनिटांत सोडून दिलात तरी पाप लागत नाही. एखाद्यात मात्र तासभर रेंगाळावंसं वाटतं. वरच्या टेरेस गॅलरीत फोटोंची प्रदर्शनं लागतात, जिना दिसत नाही म्हणून लोक ती हटकून विसरतात. बाहेर फुटपाथवर बसलेले चित्रकारही बघा, त्यातल्या काहींचा हात आतल्यांपेक्षा तयार आहे. (सामोवार शोधू नका, ते कॅफे २०१५ मध्येच बंद झालं. माझ्या पिढीला अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं.)

जहांगीरहून चालत पाच मिनिटांवर, रीगल सिनेमाच्या चौकात एनजीएमए. इमारत १९११ ची, सर कावसजी जहांगीर हॉल. बांधली जॉर्ज विटेटने, समोरचं शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि गेटवेही त्याचेच. मधल्या काळात या हॉलची पार रया गेली होती, तिथे बॉक्सिंगचे सामने व्हायचे, युनियनच्या सभा आणि लग्नांची रिसेप्शनही व्हायची. १९९६ मध्ये तिथे गॅलरी सुरू झाली. आत गोलाकार भिंती, अर्धवर्तुळाकार जिने, एकावर एक मजले, आणि चढत चढत शेवटी तुम्ही थेट घुमटाखाली पोचता. थोर चित्रकारांची मोठी सिंहावलोकनी प्रदर्शनं इथेच होतात. २०१९ मध्ये प्रभाकर बरवे यांचं झालं होतं. सुरुवातीच्या तंत्रमार्गी वळणाच्या चित्रांपासून शेवटच्या रिकाम्या अवकाशापर्यंत एक माणूस मजल्यामजल्याने कसा बदलत गेला, ते एका दुपारीत दिसायचं. दोन प्रदर्शनांच्या मधे मांडामांडीसाठी दारं बंद असू शकतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

समोरच्या म्युझियममध्ये, ज्याला आम्ही अजूनही नुसतं 'म्युझियम' म्हणतो, सगळं बघायला जाऊ नका. चौथ्या दालनात पाय बोलायला लागतात आणि लेक मोबाइल काढते. लघुचित्रांचं दालन, टाटा बंधूंनी जमवलेली युरोपीय तैलचित्रं आणि त्या वेळी जे खास प्रदर्शन लागलेलं असेल ते, एवढं पुरे. लघुचित्रांपुढे मात्र थांबा. काचेला नाक लावलंत की एकेक पान, एकेक पापणी वेगळी रंगवलेली दिसते. हे काम खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने होत असे, हे लेकीला सांगा आणि मग तिचा चेहरा बघा.

आता मला खरं जे सांगायचंय ते. मुंबईत आज जे नवं काही घडतंय ते खाजगी गॅलऱ्यांमध्ये, आणि आपल्याकडचा मराठी माणूस तिथे जात नाही. का, तर दार बंद असतं, बेल दाबावी लागते, आत एसी असतो आणि काउंटरवरची मुलगी इंग्रजीत बोलेल अशी धास्ती. अहो, तिकीट नाही, कुणी हाकलत नाही, मराठीत विचारलं तरी उत्तर मिळतं. सगळ्यांत आधी केमोल्ड. केकू आणि खोरशेद गांधी यांनी १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर ती सुरू केली, २००७ पासून ती फोर्टात प्रेस्कॉट रोडवर क्वीन्स मॅन्शनमध्ये आहे. तिसरा मजला, उंच छत, जुन्या इमारतीतला जिना. मग कोलाब्यात ताजच्या मागच्या गल्ल्यांत शिरा. झवेरी कंटेम्पररी, मिरचंदानी स्टाइनरुके, चटर्जी अँड लाल या चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. प्रोजेक्ट ८८ एका जुन्या छापखान्याच्या जागेत आहे. एका दुपारीत चार होतात, त्याहून जास्त करू नका.

आत गेल्यावर 'हे काय, नुसत्या दोऱ्या टांगल्यात' असं वाटेल. वाटू द्या. टेबलावर एक-दोन पानांचं टिपण ठेवलेलं असतं, पण ते आधी वाचू नका. आधी बघा, मग वाचा, मग परत बघा. टिपणातली भाषा बहुधा अगम्यच असते, त्यात तुमचा दोष नाही.

रविवारी भायखळा. डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियम हे मुंबईतलं सगळ्यांत जुनं, इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या पेडण्याकडच्या मांद्र्याचे. दादरहून लोकलने भायखळा, पूर्वेला उतरून राणीच्या बागेच्या दिशेने चला. रविवारी प्राण्यांसाठी मोठी रांग असते, तिच्यात चुकून उभे राहू नका. आत पाऊल टाकलं की हिरवट भिंती, सोनेरी नक्षी, ओतीव लोखंडाचे खांब. पण खरी मजा मातीच्या छोट्या बाहुल्यांत: कुंभार, न्हावी, गारुडी, निरनिराळ्या जातीजमातींच्या पगड्या, बोटभर माणसं आणि त्यांची हत्यारं. लेकीची वही इथे बाहेर निघणार. पेन नको, पेन्सिल न्या, आणि बसून काढायचं तर रखवालदाराला विचारून घ्या.

या म्युझियमची आणखी एक खोड मला आवडते. ते आजच्या चित्रकारांना बोलावून जुन्या कपाटांच्या मधोमध नवी कामं मांडायला लावतात. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल दोडिया यांची प्रदर्शनं तशीच झाली. तुमच्या वेळी असं काही लागलं असेल तर बाकीचं सोडा, पण हे बघा. बाहेर अंगणात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तोच. तो इंग्लंडला न्यायचा होता, क्रेनने उचलताना पडून फुटला म्हणून राहिला. आणि जहांगीरच्या परिसराला ज्याच्यामुळे काळा घोडा म्हणतात, तो सातव्या एडवर्डचा घोडेस्वार पुतळाही १९६५ पासून इथेच मुक्कामाला आहे.

बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, अंबानी सेंटरचं विचाराल. तिथलं आर्ट हाउस चकाचक आहे, एखादं मोठं परदेशी नाव आलं असेल तर जा, नाहीतर त्यासाठी अर्धा दिवस घालवू नका. महिना तुमच्या हातात असेल तर जानेवारी किंवा नोव्हेंबर निवडा. जानेवारीत सगळ्या गॅलऱ्या मिळून गॅलरी वीकेंड करतात, तेव्हा वेळाही वाढवतात. नोव्हेंबरात महालक्ष्मी रेसकोर्सवर आर्ट मुंबई हा कलामेळा भरतो. काळा घोडा फेस्टिव्हलच्या दिवसांत मात्र चित्रं बघायला येऊ नका, तेव्हा फक्त माणसं दिसतात.

तारखा पक्क्या झाल्या की इथेच टाका. त्या आठवड्यात कुठे काय लागलंय ते बघून शुक्रवारचा रस्ता आखून देतो.