प्रवासात कपड्यांना चुण्या पडू नयेत म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की रात्रभर ट्रेनचा प्रवास, सकाळी उतरून थेट लग्नाला जायचंय आणि कार्यालयात इस्त्री मिळेल की नाही माहीत नाही. माझी सेम हीच गत झाली होती. विदर्भ एक्सप्रेसने नागपूरला मावसभावाच्या लग्नाला चाललो होतो, निघायच्या अर्धा तास आधी झब्ब्याला कडक इस्त्री मारली आणि गरम गरमच बॅगेत कोंबला, वर टॉवेल, त्यावर बुटांची पिशवी. सकाळी काढला तर मावशी म्हणे, अरे हा घालूनच झोपला होतास का रात्री?

चूक गरम कपडा भरण्यात होती. सुती कपड्याला ऊब आणि दमटपणा मिळाला की धागा नरम पडतो आणि थंड होताना जसा दाबलेला असेल तसाच आकार धरतो. इस्त्री याच्यावरच चालते आणि चुण्याही याच्यामुळेच पडतात. म्हणजे मी बॅगेकडून उलटी इस्त्री करून घेतली होती! म्हणून आता आदल्या दिवशीच इस्त्री करून रात्रभर हँगरला लावतो आणि सकाळी भरतो.

कपडे गुंडाळून भरा असं सगळे सांगतात. टीशर्ट, जीन्स, नाइट ड्रेसला ठीक आहे, फॉर्मल शर्टला माझ्या मते अजिबात नाही, कॉलर आणि पुढची बटणपट्टी हमखास चुरगळते. शर्ट घडी करूनच ठेवा पण लाँड्रीतून येतं तसं पातळ प्लास्टिक मध्ये घाला, प्लास्टिकवर कपडा सरकतो त्यामुळे एका जागी दाबून चुणी बसत नाही. पॅन्ट बॅगेच्या तळाशी अर्धी बाहेर लोंबती ठेवायची, मधे टीशर्ट वगैरे मऊ कपडे आणि मग बाहेरचे पाय त्यावर दुमडायचे, म्हणजे घडीच्या जागी धार येत नाही. बॅग अर्धी रिकामी असेल तर टॉवेल घालून भरा, नाहीतर आतल्या आत सगळं घसरून बोचकं होतं.

लिनन आणि खळ दिलेला झब्बा प्रवासात नेऊच नका, खळीच्या कपड्याची चुणी हाताने जात नाही. टेरिकॉट चालतं.

आमचे बाबा पॅन्टची नीट घडी करून अंथरुणाखाली घालून झोपायचे. हसायचो आम्ही, पण सकाळी क्रीज असायची बरं का. बर्थवर चादरीखाली मी पण करून पाहिलंय, जमतं.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे कपडे हँगरला. आंघोळीला कढत पाणी बादलीत सोडून बाथरूमचं दार लावायचं, शर्ट आत टांगून दहा-पंधरा मिनिटं वाफ द्यायची, मग हाताने खाली ओढून सरळ करायचा आणि पूर्ण वाळल्याशिवाय घालायचा नाही, घातला तर अंगावर परत चुरगळतो. अगदीच अडलं तर आचाऱ्याकडून सपाट बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात उकळतं पाणी मागून घ्या, बूड पुसून कोरडं करा, फडक्याने धरा आणि कॉलरवरून फिरवा. कॉलर आणि बटणपट्टी सरळ झाली की बाकी जॅकेटखाली झाकतं.

घरच्यांची पैठणी असेल तर ती जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून बॅगेत सगळ्यात वर ठेवा, जरीवर वजन नको. आणि तिला ही पाणी-वाफेची कुठलीच ट्रिक करू नका, रेशमावर पाण्याचे डाग उठतात.