रविवार संध्याकाळचा गृहपाठ

प्रिय ताई,

मी चव्वेचाळीस वर्षांची असून विजयनगरच्या एका खासगी कंपनीत हिशेब विभागात काम करते. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर सगळ्या पंचविशी-तिशीतल्या मुली असतात आणि त्यांचे बोलणे वेबमालिका, रील्स आणि कोरियन गाणी यांपलीकडे जात नाही. मला त्यातले फारसे कळत नाही, आणि कळले तरी आवडत नाही. हल्लीच्या गाण्यांना ना चाल ना शब्द. आदल्या रात्री थोडे वाचून ठेवते म्हणून वेळ निभावते. गायक दिलजीत दोसांझच्या कार्यक्रमाला त्या सगळ्या गेल्या, तेव्हा मला तिकीट मिळाले नाही असे मी सांगून टाकले. हल्ली रविवारी संध्याकाळी उगाचच जीव जड होतो. यजमान म्हणतात, ‘सोड ना, तुला काय करायचंय?’ आम्ही दोघे इथल्या ‘सानंद’ या मराठी संस्थेच्या नाटकांना नेमाने जातो, कॉलेजात असताना मी उर्दू शायर राहत इंदौरींना मुशायऱ्यात समोर बसून ऐकले आहे. पण हे आता कोणाला सांगणार? माझे काही चुकते आहे, की काळच असा आला आहे?

— सूर न जुळलेली, इंदूर

सूर न जुळलेल्या बाई,

काळाचे नंतर पाहू. ‘आदल्या रात्री थोडे वाचून ठेवते’ हे वाक्य तुम्ही दोन तक्रारींच्या मध्ये सरकवून पुढे निघून गेलात, पण माझ्या लेखी तुमचे सगळे पत्र त्या एका वाक्यात आहे. काय वाचता तुम्ही? जी मालिका तुम्ही पाहिलेली नाही, पाहणार नाही आणि पाहावीशी वाटतही नाही, तिचे कथानक, पात्रांची नावे आणि शेवट. कशासाठी? सोमवारी डबा उघडल्यावर कोणी ‘देखा क्या?’ असे विचारले, तर मान डोलावता यावी म्हणून. आणि सोमवारची आदली रात्र म्हणजे रविवारच, हे हिशेब विभागातल्या बाईला मी सांगायला हवे काय? तुमचा जीव उगाच जड होत नाही. नावडत्या विषयाच्या परीक्षेला दर आठवड्याला बसणाऱ्या मुलाचा जसा होईल तसाच तो होतो, आणि ही परीक्षा कोणीही ठेवलेली नाही. (हा जडपणा आठवडाभर राहत असेल, झोप किंवा भूक गेली असेल, तर मात्र हा स्तंभ बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. तुमच्या पत्रावरून तसे दिसत नाही.)

त्या मुलींवर तुमचा राग आहे. त्यांनी तुमचे नेमके काय वाकडे केले, ते मी पत्रात शोधले आणि मला काहीच सापडले नाही. त्या बोलतात, तुम्ही ऐकता आणि पाहिल्याचे सोंग करता. त्यांच्या दृष्टीने टेबलावरच्या मॅडमना सगळे ठाऊक असते, सगळे आवडते, फक्त त्या फार बोलत नाहीत. तुम्हाला डावलायचे असते तर त्यांनी विचारलेच नसते.

आता दिलजीतचे घ्या, कारण तिथे तुम्ही स्वतःचे जे नुकसान करून घेतलेत त्याची तुम्हाला कल्पनाही दिसत नाही. 8 डिसेंबर 2024 रोजी इंदूरला झालेला तो कार्यक्रम दिलजीत दोसांझने राहत इंदौरींना अर्पण केला होता. ज्यांनी आपल्या शहराचे नाव स्वतःच्या नावाला जोडून ते मुशायऱ्यांतून जगभर नेले, इथल्याच महाविद्यालयात उर्दू शिकवली आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये इथेच देह ठेवला, त्या राहतसाहेबांना. दुसऱ्या दिवशी त्या मुली जेवायला बसल्या तेव्हा त्यांच्यापैकी कितीजणींनी त्यांना प्रत्यक्ष ऐकले असेल? बहुधा एकीनेही नाही. तुम्ही ऐकले होते. ते शेर कसे फेकत, मिसरा अर्धा सोडून समोरच्यांकडे पाहत कसे थांबत आणि मग दाद कशी उसळे, हे त्या टेबलावर फक्त तुम्ही सांगू शकला असतात. पण तुम्ही तर तिकीट न मिळाल्याची थाप मारून मोकळ्या झाला होतात, आणि थाप मारलेला माणूस त्या विषयापासून लांबच राहतो. ‘मी गेले नाही, काय काय झाले ते सांगा’ असे म्हटले असतेत, तर दहा मिनिटांत राहत इंदौरींचे नाव निघाले असते आणि पुढची सगळी सुट्टी तुमची झाली असती.

सानंदच्या नाटकांचेही तुम्ही असेच केले आहे. शनिवार-रविवारी खंडवा रोडवरच्या विद्यापीठाच्या सभागृहात तुम्ही मराठी नाटक पाहता आणि सोमवारी ‘वीकेंड को क्या किया?’ या प्रश्नाला, मी पैजेवर सांगते, ‘कुछ खास नहीं’ असे उत्तर देता. मुंबई-पुण्याची मंडळी इथे येऊन प्रयोग करतात, सभासदांचे पाच गट असल्यामुळे एकेका नाटकाचे पाच-पाच प्रयोग होतात, आणि हे सगळे महाराष्ट्राबाहेर, हिंदी बोलणाऱ्या शहरात चालते. मला तर त्यात पुष्कळ खास दिसते. त्या मुलींना तुमच्याकडून कधीच काही ऐकायला मिळत नाही, तेव्हा त्या आपल्याच गोष्टी बोलत राहणार, दुसरे काय करणार?

गाण्यांना चाल नाही म्हणता, तर थोडे जुनेही आठवू या. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर अभिमानी. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, अशी त्यांची पक्की समजूत होती आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? रेडिओची सुई ती गाणी लावणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळवली. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांनी ज्यांना दार बंद केले, त्या गाण्यांतली पुष्कळशी गाणाऱ्या लताबाईंचा जन्म 1929 साली आपल्याच शहरात झाला होता, आणि त्याच गाण्यांवर आज तुम्ही नव्या गाण्यांना मोजता. नवे तुम्हाला आवडलेच पाहिजे असे मी म्हणत नाही. मलाही त्यातले बरेचसे आवडत नाही आणि मी ते ऐकायलाही जात नाही. पण तुम्ही ऐकत नाही आणि नावे मात्र ठेवता, वर आपण ऐकले आहे असे भासवता. या तिन्ही गोष्टी एकदम करता येणार नाहीत.

सगळ्यांनी सगळे पाहिले आहे, ही समजूतही काढून टाका. देशाला एकच दूरदर्शन होते तेव्हा रविवारी सकाळी अख्खा मोहल्ला एकच मालिका पाहत असे, आणि न पाहणारा खरोखरच एकटा पडत असे. आता एखाद्या मालिकेचे आठ-दहा भाग एकाच दिवशी येऊन पडतात, तशा मालिका दर आठवड्याला नव्याने येतात, आणि नोकरी करून हे सारे पाहणे कोणालाच शक्य नसते. तुमच्या टेबलावर आणखी एखादी मुलगी रात्री गुपचूप सारांश वाचत असेल, तर मला मुळीच नवल वाटणार नाही.

यजमानांचे ‘सोड ना’ ऐकू नका. त्यांना तुमच्या रविवारच्या वाचनाची खबर नाही, नाहीतर ते असे बोलले नसते. टेबल बदलण्याचा विचार मनात असेल तर तोही सोडून द्या. करायचे आहे ते इतकेच की येत्या रविवारी संध्याकाळी फोन स्वयंपाकघरात ठेवून द्यायचा आणि काहीही वाचायचे नाही. सोमवारी कोणी ‘मॅडम, आपने देखा?’ असे विचारले की सरळ सांगायचे, ‘नहीं देखा. क्या है उसमें, बताओ.’ एवढे बोलून डब्यातला घास घ्यायचा आणि तिला बोलू द्यायचे. पहिल्यांदा जीभ अडखळेल, कान गरम होतील, होऊ देत. तिचे सांगून झाले की आपण शनिवारी कोणते नाटक पाहिले ते सांगायचे, तिने विचारले नाही तरी.

कोणी हसलेच, तर मला पुन्हा लिहा. मात्र त्या पत्रात कोण हसले आणि नेमके काय म्हणाले ते लिहा. ‘काळच असा आला आहे’ एवढ्यावर या वेळी मी ऐकून घेणार नाही.