वाचकांचे प्रश्न : द्राक्षाचा घड उन्हाळ्यातच ठरतो

प्रश्न : वावरात दीड एकर थॉमसन सीडलेस आहे, अंतर 9 बाय 5 फूट. मागच्या हंगामात माल भरपूर निघाला. यंदा ऑक्टोबर छाटणीनंतर (घड काढण्यासाठीची छाटणी) फुटी जोमदार आल्या, पण निम्मे घड जिरून नुसत्या बाळ्या (वेलीचे ताणे) झाल्या. माल निघाल्यापासून खरड छाटणीपर्यंत (काड्या तयार करण्यासाठीची उन्हाळी छाटणी) महिनाभर पाणी बंद होते. आमचे काय चुकले?
— एक शेतकरी, बुलढाणा जिल्हा

उत्तर : चूक त्या महिन्यातच झाली. ऑक्टोबरात घड फक्त दिसतो. काडीवरच्या डोळ्यात (कळीत) तो तयार होतो खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 70 दिवसांत. भरपूर माल दिलेली वेल रिकामी झालेली असते. तोडणीनंतरची हिरवी पाने खोडात आणि मुळांत अन्न साठवतात आणि खरड छाटणीनंतरची पहिली फूट त्याच साठ्यावर निघते. पाणी तोडले की पाने गळतात, साठा होत नाही, फूट मागेपुढे निघते आणि डोळ्यात घड नीट बसत नाही.

यंदा तोडणीनंतर 15 ते 20 दिवस विश्रांती द्या, पण ठिबक हलके चालू ठेवा. याच काळात बोदालगत (वेलींच्या ओळीचा मातीचा उंचवटा) चारी घेऊन कुजलेले शेणखत व सिंगल सुपर फॉस्फेट घाला. खरड छाटणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापलीकडे नेऊ नका. आपल्याकडे पारा 42-43 वर जातो आणि उघडे ओलांडे (वेलीचे आडवे हात) भाजतात; डोळे फुटेपर्यंत त्यांच्यावर दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारा. बोदावर सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरा.

फूट सात पानांची झाली की पाच पानांवर शेंडा मारून सबकेन (त्यानंतर फुटणारी उपकाडी) घ्या. काड्यांची गर्दी मात्र अजिबात नको. दीड चौरस फुटाला एक, म्हणजे तुमच्या अंतराला वेलीमागे 30 काड्या पुरे. सावलीतल्या डोळ्यात घड बसत नाही, कितीही खत घाला. नत्र पहिल्या 30 दिवसांतच संपवा, पुढचे 30 दिवस स्फुरद, त्यानंतर पालाश. मे महिन्यात शेंडा पळत असेल तर आधी पाणी कमी करा. पळणारी काडी जाड दिसते, पण पोकळ निघते. ती आडवी कापून पाहा: 8 ते 10 मिलिमीटर जाड, गोल, आतला गाभा लहान व तपकिरी हवा. चपटी काडी किंवा पांढरा, मऊ गाभा असेल तर काडी पिकलेली नाही.

ऑक्टोबर छाटणीआधी प्रयोगशाळेत डोळे तपासून घ्या. सबकेनवर फळधारक डोळे बहुधा गाठीजवळच (शेंडा मारलेल्या, सबकेन निघालेल्या जागेजवळ) असतात, तेव्हा गाठीपुढे एक-दोन डोळे राखून काप घ्या.