‘इनसाइड आउट २’ हा अ‍ॅनिमेशनपट सहा वर्षांची मुलगी आणि आजी एकत्र बघू शकतील का? पहिला भाग पाहिलेला नाही.

हो, दोघींनी एकत्र जरूर बघावा. पहिला भाग पाहिला नसला तरी अडत नाही, कारण सुरुवातीच्या हॉकी सामन्यातच पात्रांची ओळख होते. २०१५ च्या पहिल्या भागातली रायली ही मुलगी इथे १३ वर्षांची होते आणि तिच्या मनात पात्रं बनून वावरणाऱ्या आनंद, दुःख, राग अशा भावनांच्या जोडीला चिंता, मत्सर, कंटाळा आणि लाज दाखल होतात. लहान मुलं रंगांत आणि धावपळीत रमतात. मोठ्यांना भिडते ती चिंता. ती खलनायिका नाही. रायलीचं भलं व्हावं म्हणूनच ती रात्री वाईटात वाईट शक्यता रंगवत बसते, आणि हे घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसाला ओळखीचं वाटेल. किशोरवयीन मुलींसोबत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ लिसा डॅमोर यांचा सल्ला घेतल्यामुळे हे चित्रण इतकं खरं उतरलं आहे. आजींसाठी हिंदी आवृत्तीही आहे; तीच निवडा.

फक्त शेवटाकडे, हॉकीच्या मैदानावर रायलीला धाप लागते, छाती धडधडते, काही सुचेनासं होतं. तो प्रसंग सहा वर्षांच्या मुलीला घाबरवू शकतो, तेव्हा तिला जवळ घेऊन बसा.