पाणी ९८ अंशांना उकळले, तर ते अशुद्ध का?

प्रश्न : शुद्ध पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, असे आम्ही शिकलो. पुण्यातील आमच्या शाळेत मात्र ऊर्ध्वपातित (वाफ थंड करून मिळवलेले) पाणीही ९८ अंशांनाच उकळले. ते अशुद्ध होते का? (इयत्ता नववीतील विद्यार्थिनी)

उत्तर : नाही. १०० अंश हा आकडा समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबासाठी आहे. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे हवेचा दाब कमी असतो आणि पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. महाबळेश्वरला हाच प्रयोग केलात, तर आकडा आणखी दोन-तीन अंशांनी खाली येईल. शिवाय मिठासारखा, वाफ न होणारा पदार्थ पाण्यात विरघळला असता उत्कलनांक (उकळण्याचे तापमान) वाढतो, उतरत नाही.

तुमच्या प्रश्नात दडलेली खरी अडचण वेगळीच आहे. एक किलोग्रॅम पाण्यात जवळजवळ ५८ ग्रॅम मीठ विरघळवावे, तेव्हा कोठे उत्कलनांक १ अंशाने चढतो. नळाच्या लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम क्षार असले, तर पडणारा फरक अंशाच्या शंभराव्या भागाइतकाही नसतो आणि शाळेतील तापमापीला तो दिसणे शक्य नाही. म्हणून उत्कलनांक बरोबर आला, एवढ्यावरून पाणी शुद्ध ठरत नाही. त्यापेक्षा स्वच्छ काचपट्टीवर ऊर्ध्वपातित पाण्याचा आणि नळाच्या पाण्याचा एकेक थेंब सुकू द्या; नळाच्या थेंबाचा पांढुरका डाग मागे राहील. अर्थात पाण्यात क्षारांऐवजी स्पिरिट मिसळलेले असेल, तर तेही थेंबाबरोबर उडून जाईल आणि ही परीक्षा फसेल.

प्रश्न : प्रयोगशाळेतील नॅप्थॅलीन संपल्यामुळे दुकानातून डांबराच्या गोळ्या आणल्या. द्रवणांक ८० ऐवजी ५३ अंश आला. पूड ५३ अंशांपर्यंत कोरडीच होती आणि मग अंशभराच्या आत सगळी वितळली. अशुद्धीमुळे इतका फरक पडतो का? (माध्यमिक शिक्षक)

उत्तर : आपण शेवटचे निरीक्षण नोंदवले, हे फार बरे झाले, कारण उत्तर त्यातच आहे. अशुद्धी सहसा द्रवात मिसळते, पण स्फटिकाच्या रचनेत सामावत नाही. त्यामुळे मिश्रण कमी तापमानाला वितळू लागते, आणि एका ठरावीक अंशाला न वितळता बऱ्याच अंशांच्या पट्ट्यात रेंगाळत वितळते. आपली पूड एकदम वितळली, म्हणजे ती अशुद्ध नॅप्थॅलीन नसून दुसराच, बऱ्यापैकी शुद्ध पदार्थ असावी. अशा गोळ्या पॅराडायक्लोरोबेंझीनच्याही बनवतात आणि त्याचा द्रवणांक ५३ अंशच आहे. पडताळा स्वयंपाकघरातल्या मिठाने घेता येईल : पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घालून त्या द्रावणात गोळी सोडा. नॅप्थॅलीन तरंगते, पॅराडायक्लोरोबेंझीन बुडते. दोन्हींची वाफ अपायकारक असल्याने खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

द्रवणांक जुळला तरी पदार्थ तोच, असे मात्र समजू नये. युरिया आणि सिनॅमिक आम्ल हे दोन्ही पदार्थ १३३ अंशांच्या सुमारास वितळतात. पण त्यांची समभाग पूड एकत्र खलून केशनळीत भरली, तर ती त्याच्या बरीच खाली वितळते. अनोळखी पदार्थ ओळखीच्या पदार्थात मिसळून द्रवणांक घ्यायचा आणि तो उतरला नाही तरच दोन्ही एक मानायचे, ही युक्ती माझ्या मते शाळेत अवश्य दाखवावी.

प्रश्न : खड्याच्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटते. मुलीने ते विरघळवून, गाळून, पुन्हा पूर्ण आटवून कोरडे केले, तरी पाणी सुटायचे थांबले नाही. गाळूनही मीठ शुद्ध का झाले नाही? (पालक, उरण)

उत्तर : गाळणकागद फक्त न विरघळलेले अडवतो. वाळू आणि माती वर राहिली. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र मिठाबरोबर कागदातून खाली उतरले, आणि द्रावण पूर्ण आटवल्यामुळे पुन्हा मिठातच येऊन बसले. शुद्ध मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्के झाल्यावर पाणी धरू लागते, मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच. (कोकणातील श्रावणात शुद्ध मीठही पूर्ण कोरडे राहणार नाही, हेही मुलीला सांगावे.)

उपाय आपल्याच परिसरातील मिठागरांत आहे. समुद्राचे पाणी उन्हात आटू लागले की आधी जिप्सम खाली बसते, नंतर मिठाचे स्फटिक येतात आणि मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यात राहतात. ते कडू पाणी काढून टाकायचे असते, आटवायचे नसते. मुलीने द्रावण तळाशी थोडे उरेपर्यंतच आटवावे, उरलेले पाणी ओतून द्यावे आणि स्फटिक मिठाच्याच संपृक्त (ज्यात आणखी मीठ विरघळत नाही अशा) द्रावणाने धुवावेत, साध्या पाण्याने धुतल्यास मीठच वाहून जाईल. गरम द्रावण थंड करून स्फटिक मिळवण्याची पद्धत येथे उपयोगाची नाही, कारण १०० ग्रॅम पाण्यात ० अंशाला सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते आणि १०० अंशांना केवळ ३९ ग्रॅम. सोऱ्याला (पोटॅशियम नायट्रेटला) ती पद्धत उत्तम लागू पडते. त्याचे हेच आकडे सुमारे १३ आणि २४० ग्रॅमच्या पुढचे आहेत.

प्रश्न : प्रभाजी ऊर्ध्वपातन (वेगवेगळ्या तापमानांना उकळणारे द्रव वाफेवाटे वेगळे करणे) पुन्हा पुन्हा केल्यास अल्कोहोल पूर्ण शुद्ध होईल का?

उत्तर : साध्या दाबाला होणार नाही. वजनाने सुमारे ९५.६ टक्के इथेनॉल झाले की द्रव आणि त्याची वाफ यांची घडण सारखीच होते आणि ते मिश्रण ७८.२ अंशांना, एखाद्या शुद्ध द्रवासारखे स्थिर तापमानाला उकळत राहते. उरलेले पाणी काढायला कळीच्या चुन्यासारखा पाणी ओढून घेणारा पदार्थ लागतो.

प्रश्न : कागदावरील क्रोमॅटोग्राफीत (कागदात चढणाऱ्या द्रवाने रंग वेगळे करण्याच्या प्रयोगात) शाईचा एकच ठिपका वर चढला. शाईत एकच रंग आहे, असे लिहावे का?

उत्तर : ‘या द्रावकात एकच ठिपका दिसला’, एवढेच लिहावे. सारख्या वेगाने चढणारे दोन रंग एका ठिपक्यात दडू शकतात. म्हणून पाण्याऐवजी स्पिरिट आणि पाणी यांचे मिश्रण घेऊन पुन्हा पाहावे. ठिपका मुळीच हलला नसेल, तर शाई बहुधा बॉलपेनची असेल, आणि ती पाण्यात चढत नाही. आरंभरेषा मात्र पेन्सिलीनेच आखावी, नाहीतर रेषेचीच शाई ठिपक्याबरोबर वर चढते.